पाठ फिरवण्याचा नियम

१

तिजोरीच्या खोलीचं दार त्या सकाळी काही केल्या उघडेना. मॅनेजर घामाघूम झाले होते, हेड कॅशियर बाई ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या, दारावरचे काका बंदूक सावरत डोकावत होते. आणि या सगळ्यांच्या मागे उभी असलेली एक मुलगी मात्र मनातल्या मनात खूश होती. चला, एकदाचं काहीतरी घडलं!

या मुलीला शाखेत सगळे ‘पाहुणी’ म्हणायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंटर्नशिप करायला आलेली कॉलेजची विद्यार्थिनी. सुट्टी संपली की जाणारच आहे तर नाव कशाला पाठ करा, म्हणून पहिल्याच दिवशी कुणीतरी पाहुणी म्हणालं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. बँकेचा कारभार शिकायला मिळेल म्हणून ती मोठ्या हौसेने आली होती. आतापर्यंत शिकली होती ते एवढंच, की झेरॉक्स मशीनमध्ये अडकलेला कागद न फाडता कसा ओढायचा. पण इंटर्नशिपचं सर्टिफिकेट मिळालं नाही तर कॉलेज शेवटच्या वर्षाला बसू देणार नव्हतं, तेव्हा ती निमूटपणे कागद ओढत होती.

तिजोरीच्या दाराला दोन कुलपं होती. वरच्याची किल्ली मॅनेजरांकडे, खालच्याची बाईंकडे. एकट्यादुकट्याला दार उघडता येऊ नये म्हणून असं करतात, ते सगळ्याच बँकांत असतं. या शाखेत मात्र त्याच्यावर आणखी एक कडी होती. मॅनेजर किल्ली काढायला लागले की बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. वरचं कुलूप उघडून किल्ली पुन्हा खिशात गेली की साहेब खाकरायचे. मग बाई वळायच्या, आणि साहेब भिंतीकडे तोंड करायचे. एकाची किल्ली दुसऱ्याने वापरायची तर नाहीच, पण पाहायचीसुद्धा नाही! हा नियम मुळात कुणी काढला कुणास ठाऊक. बाई तो नोकरीला लागल्यापासून पाळत होत्या आणि त्यांच्यासमोर तो मोडण्याची कुणाची छाती नव्हती. पाहुणीला पहिल्या दिवशी वाटलं होतं, या दोघांचं भांडण झालंय.

तर त्या सकाळी सगळे भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि साहेबांचं खाकरणं काही ऐकू येईना. नुसतीच खटखट.

“फिरत नाहीये,” साहेब शेवटी म्हणाले.

“जोर लावू नका, तुटेल,” बाई भिंतीलाच म्हणाल्या.

काकांनी तेलाची बुधली आणली. तेल घातलं, पुसलं, पुन्हा घातलं. किल्ली आत जात होती, बाहेर येत होती, फिरायचं मात्र नाव नाही. बाहेर गिऱ्हाइकांची कुजबुज वाढायला लागली. तेवढ्यात कर्ज विभागाचे अधिकारी आले. माणूस स्वभावाने गमत्या, शाखेत त्यांना ‘हसरे साहेब’ म्हणत. आज मात्र ते हसले नाहीत.

“साहेब,” ते हळूच म्हणाले, “ही तुमचीच किल्ली आहे ना? कुणी बदलली तर नाही?”

२

मॅनेजरांच्या केबिनमध्ये सगळे जमले. साहेबांनी चामड्याच्या पाकिटातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्याबरोबर बाई चटकन वळल्या आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“अहो बाई, आता तरी बघा,” हसरे साहेब म्हणाले. “घरदार पेटलंय आणि तुम्ही सोवळं काय पाळताय!”

“नियम म्हणजे नियम. दुसऱ्याची किल्ली मी आयुष्यात पाहिलेली नाही, आजही पाहणार नाही.”

बाईंना असं ताठ बोलायचा हक्क होता. दुसऱ्या दिवशी त्या निवृत्त व्हायच्या होत्या आणि अख्ख्या नोकरीत त्यांच्या फायलीत एक साधा ठपकासुद्धा नव्हता. ही गोष्ट त्यांनी पाहुणीला चारदा तरी सांगितली असेल, आणि दर वेळी त्यांचा चेहरा असा काही खुलायचा की पाहुणीला ती पाचव्यांदा ऐकायलाही आवडली असती.

“नक्की ओळखता ना ही किल्ली?” हसऱ्या साहेबांनी विचारलं.

मॅनेजर घुटमळले. “खरं सांगू? मला इथे येऊन तीन महिने झाले. किल्ली मी कधी निरखून पाहिलीच नाही, तिच्यावरचे आकडेही केव्हाच घासून गेलेत. मी ओळखतो ते पाकीट. आणि आता तेही...”

आता तेही ओळखायची सोय उरली नव्हती. बँकेच्या वर्धापनदिनानिमित्त मुख्य कार्यालयाने गेल्याच आठवड्यात सगळ्यांना किल्ल्यांची पाकिटं भेट दिली होती. सगळी तपकिरी, सगळी चामड्याची, सगळ्यांवर बँकेचा शिक्का. नवीच असल्यामुळे जो तो तेच वापरत होता.

“काल संध्याकाळी आम्ही तिजोरी बंद केली तेव्हा किल्ली नीट फिरली होती,” मॅनेजर म्हणाले. “त्यानंतर वर बैठकीच्या खोलीत ते आरोग्य शिबिर होतं, वजनबिजन करायचं. मी काही गेलो नाही, मला कुठला वेळ! शिबिराच्या नर्सताई निघाल्या तेव्हा त्यांना दारापर्यंत सोडायला तेवढा गेलो. कोट खुर्चीवर, पाकीट कोटात. फार तर पाच मिनिटं.” ते थांबले. त्यांची नजर टेबलाच्या टोकाकडे गेली. “तेवढ्यात केबिनमध्ये फक्त ही होती. जुन्या फायली लावत.”

सगळ्यांनी पाहुणीकडे पाहिलं. मघाशी मनात नाचणारी ती खुशी कुठल्या कुठे पळाली.

“सर, मी कोटाला हातसुद्धा लावला नाही!”

“मी आरोप करत नाहीये,” मॅनेजर कसनुसं तोंड करून म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस आधी बोट दाखवतो. “पण विभागीय कार्यालयाला कळवताना मला तुझं नाव सांगावं लागलं. तपासणी अधिकारी जोडकिल्ल्या घेऊन निघालेत, जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोचतील. तोवर शाखेबाहेर जाऊ नकोस. आणि त्या सर्टिफिकेटचं म्हणशील तर... ते आता माझ्या हातात राहिलेलं नाही.”

पाहुणीने मोठ्या आशेने बाईंकडे पाहिलं. या शाखेत तिला जीव लावणारं माणूस म्हणजे बाईच. डब्यातली पहिली फोड तिच्या हातावर ठेवणाऱ्या, नोटांची गड्डी कशी धरायची ते बोटं धरून शिकवणाऱ्या. ‘ही पोर असं करणार नाही’ एवढं एक वाक्य त्यांनी म्हणावं!

बाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

३

पाहुणी जिन्याखाली जाऊन मनसोक्त रडली. रडून झाल्यावर तिला राग आला, आणि राग आल्यावर डोकं चालायला लागलं. तिचं हे लहानपणापासूनच असं होतं. तेवढ्यात आईचा फोन आला.

“जेवलीस का गं? आवाज असा का येतोय?”

“सर्दी झालीय आई. काम आहे, ठेवते.”

“ऐन उन्हाळ्यात सर्दी? एसीखाली बसू नकोस म्हणून किती वेळा...”

पाहुणीने फोन ठेवला, तोंड धुतलं आणि सरळ केबिनमध्ये गेली. “सर, ती किल्ली एकदा बघू? जिच्यावरून माझ्यावर आळ आलाय ती वस्तू मी अजून धड पाहिलेलीसुद्धा नाही.”

मॅनेजरांनी खांदे पाडले आणि रुमालाखालची किल्ली पुढे सरकवली. लांबलचक, जाडजूड पोलादी किल्ली. तिचे दाते कडांना गुळगुळीत झाले होते. मूठ बोटांनी घासून घासून आरशासारखी चकाकत होती.

पाहुणी बराच वेळ पाहत राहिली. मग तिने विचारलं, “सर, खालच्या कुलपाला किल्ली लावून पाहिली का?”

“वरचं उघडल्याशिवाय खालच्याला कशी लावणार? क्रम असतो ना त्याला. बाईंनी पाकीटसुद्धा उघडलेलं नाही अजून.”

तेवढ्यात चहा आला. साहेबांच्या चहाचं पाहुणीला जरा नवल वाटलं. साहेब म्हणजे तीन चमचे साखर आणि वर बिस्किटांचा पुडा. चहावाल्याने कप ठेवला आणि म्हणाला, “बिनसाखरेचा, सकाळी सांगितल्यासारखा.” साहेबांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि बिस्किटांकडे पाठ फिरवून बसले.

ती दारावरच्या काकांकडे गेली. काका गिऱ्हाइकांना समजावून समजावून मेटाकुटीला आले होते.

“काका, काल संध्याकाळी बाहेरचं कोण कोण आलं होतं?”

“ती नर्स आणि तिचं ते मशीन. मशीन तर मीच उचलून आणलं. कंबर धरलीय.”

“शिबिराला आपल्यातलं कोण कोण गेलं?”

“मी गेलो, हसरे साहेब गेले, काउंटरवरची सगळी गेली. ते मशीन म्हणे नुसतं वजन नाही सांगत, चरबी किती आणि हाडं किती तेही सांगतं. हसऱ्या साहेबांना म्हणालं तुमच्या शरीराचं वय साठ. तेव्हापासून त्यांचं हसू गेलंय.”

म्हणजे हसरे साहेब सकाळपासून का हसले नव्हते, ते पाहुणीला कळलं. संशयितांतला एक गळाला. “आणि मॅनेजर? बाई?”

“छे! साहेब म्हणाले, मला काय धाड भरलीय! आणि बाई म्हणाल्या, माझं वजन माझ्यापाशी, मशीनला कशाला सांगू?” काका खुसखुसले. “पण आज बाईंचं काय बिनसलंय देव जाणे. वर जेवणाच्या खोलीत डबा ठेवायला कायम लिफ्टने जातात. आज जिन्याने गेल्या. धापा टाकत उतरल्या तर मला म्हणतात, काका, जिना बरा असतो.”

पाहुणी वळायला गेली आणि जागच्या जागी थांबली. साहेबांचा बिनसाखरेचा चहा. बाईंचा जिना. आणि तिला आणखी एक गोष्ट आठवली. काल संध्याकाळी ती फायली लावत असताना साहेब ‘फोन करून येतो’ म्हणून बाहेर गेले होते. परत आले तेव्हा त्यांच्या उजव्या बुटाची नाडी सुटलेली होती. ‘सर, पडाल’ असं तीच म्हणाली होती, आणि साहेब उगाचच ओशाळले होते.

फोन करताना कुणी बूट काढतं का?

४

नर्सताईंचा नंबर शिबिराच्या पत्रकावर होता. पाहुणीने झेरॉक्स मशीनच्या आड उभं राहून फोन लावला.

“कुणाचं वजन किती ते मी मुळीच सांगणार नाही,” नर्सताई पहिल्याच वाक्याला म्हणाल्या. “आणि कोण आलं, कोण नाही, तेसुद्धा नाही. लोकांना लाज वाटते, मग पुढच्या शिबिराला येत नाहीत.”

“वजन नकोच मला, ताई. एवढंच सांगा, मशीनवर चढताना काय काय काढायला लावता?”

“बूट, मोजे, घड्याळ, नाणी, किल्ल्या. अंगावर धातू असला की मशीन भलतंच काहीतरी दाखवतं.”

“आणि ते सगळं ठेवायचं कुठे?”

“ट्रे असतो ना. निळा.”

“प्रत्येकाला वेगळा?”

“अगं एवढे ट्रे मी कुठून आणू? एकच. एका वेळी एकच माणूस आत येतं, मग कशाला लागतात?” नर्सताई जरा थांबल्या. “शेवटी शेवटी तेवढी गडबड झाली. एकांचं वजन करून त्यांना पडद्यामागे रक्तदाबासाठी निजवलं होतं, तेवढ्यात दुसरं कुणीतरी घाईघाईने आलं. ‘पटकन करा, कुणाला सांगू नका’ म्हणत. आता दोघांनाही गुपचूपच करायचं होतं, म्हणून मीही एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू दिला नाही. झटकन वजन केलं आणि पाठवून दिलं. पडद्यामागच्यांना कळलंसुद्धा नाही.”

“आणि पडद्यामागच्यांचं सामान?”

“ट्रेमध्येच होतं की. कुठे जातंय?”

पाहुणीने फोन ठेवला. बाहेर रस्त्यावर एक गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला. ती धावत खिडकीशी गेली. नाही, ते अधिकारी नव्हते. अजून थोडा वेळ हातात होता.

५

बाई कॅशच्या पिंजऱ्यात एकट्याच बसल्या होत्या. काउंटर बंद, समोर रिकामं टेबल, आणि मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली. पाहुणी दाराशी उभी राहिली.

“बाई, एक विचारू? रागावणार नसाल तर.”

“विचार.”

“तुमची किल्ली एकदा काढून बघाल?”

बाई ताडकन उठल्या. “अगं, तुझी जीभ झडली कशी नाही! ही किल्ली मी घरच्यांना कधी दाखवली नाही!”

“मला नकाच दाखवू. मी पाठ फिरवते. तुम्ही बघा, तुमची तुम्ही.” आणि पाहुणी खरोखरच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तशीच भिंतीकडे पाहत बोलत राहिली, कारण समोरासमोर तिला हे बोलताच आलं नसतं.

“बाई, साहेबांच्या टेबलावरची किल्ली खोटी नाहीये. कुणी चोरून दुसरी ठेवायची म्हटली तर ती नवी कापलेली असेल, नाहीतर कुठलीतरी गंजकी. ही रोज वापरलेली आहे. वर्षानुवर्षं एकाच हाताने धरून तिची मूठ गुळगुळीत झालीय. साहेबांना इथे येऊन तीन महिने झाले, त्यांच्या आधीचेही असेच येऊन जाऊन. त्यांच्या किल्लीला इतके हात लागलेत की ती अशी एकसारखी झिजणार नाही. तसली लांब, जुनी किल्ली या शाखेत आणखी एकच आहे, आणि ती एकाच माणसाने सांभाळलीय. ती कशी दिसते हे मात्र कुणालाच माहीत नाही. ज्यांना माहीत आहे, त्यांनी सकाळी केबिनमध्ये खिडकीकडे तोंड केलं.”

मागे पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला.

“ती साहेबांकडे गेली कशी म्हणाल, तर काल तुम्ही वजनाला गेला होतात. साहेबही गेले होते. दोघांनी चोरून. ट्रे एकच, पाकिटं अगदी सारखी. तुम्ही पडद्यामागे निजला होतात, साहेब घाईत एक पाकीट उचलून निघाले. तुम्ही उठलात आणि उरलेलं घेतलंत. आणि सकाळी तुमच्या पाकिटाला हात लावायची वेळच आली नाही, कारण वरचं कुलूप उघडेना.”

पाकिटाचं बटण उघडल्याचा आवाज झाला. मग बाई खुर्चीत बसल्याचा आवाज आला.

“वळ,” बाई म्हणाल्या.

पाहुणी वळली. बाईंच्या हातात एक किल्ली होती, बोजड, काळपट, मुठीवर ठिकठिकाणी ओरखडे असलेली. बाई तिच्याकडे अशा पाहत होत्या, जसं शाळेतून दुसऱ्याच कुणाचं पोर हाताला धरून घरी आणावं.

“ही माझी नाही,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “अगं, अंधारात चाचपून ओळखली असती मी माझी किल्ली. आणि सकाळी चांगल्या उजेडात दोन हातांवर पडली होती, तर मी पाठ फिरवून उभी!”

“बाई, रडू नका ना. आता सोपं आहे. तुम्ही आणि साहेब गुपचूप पाकिटं बदला. कुलूप अडकलं होतं, तेल घातल्यावर सुटलं म्हणून सांगा. अधिकारी यायच्या आत दार उघडेल. कुणालाच काही कळणार नाही. तुमची फाइल उद्यासुद्धा कोरी राहील.”

बाईंनी पदराने डोळे टिपले. पोरीकडे नीट पाहिलं. आणि तेवढ्यात बाहेर काकांनी टाचा जुळवून सलाम ठोकल्याचा आवाज आला. तपासणी अधिकारी आले होते.

६

तपासणी अधिकारी म्हणजे उंच, सडसडीत, कपाळाला कायमच्या आठ्या असलेला माणूस. हातात मोहोरबंद लिफाफा, त्यात जोडकिल्ल्या. ते केबिनमध्ये बसले, पाणीसुद्धा न पिता म्हणाले, “ती विद्यार्थिनी कोण?”

पाहुणी पुढे झाली. मघाचा सगळा धीर गळून गेला. एवढं सगळं समजूनही ती तोंड उघडणार नव्हती. ते ठरवायचं होतं बाईंनी, कारण फाइल बाईंची होती.

“तुझ्यावर चोरीचा संशय आहे हे तुला माहीत आहे?”

“तिला काय विचारता?” बाई दारातूनच म्हणाल्या. “मला विचारा.”

त्या आत आल्या, सरळ टेबलापाशी गेल्या, आणि सगळ्यांदेखत ती किल्ली पाहिली. नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याची म्हणून ठेवलेली किल्ली पाहिली, आणि ती त्यांची निघाली.

“ही माझी आहे. काल संध्याकाळी मी आरोग्य शिबिरात वजन करायला गेले. किल्ली अंगावेगळी करायची नाही असा नियम, आणि मी ती ट्रेमध्ये काढून ठेवली. वर सकाळी तोंड उघडलं नाही. हिच्यावर आळ आला तेव्हाही उघडलं नाही, कारण माझी उद्याची कोरी फाइल मला हवी होती. लाज वाटते मला त्याची. आता लिहून घ्या.”

मग मॅनेजर खाकरले. नेहमीचं दार उघडल्यावरचं खाकरणं नव्हे, अगदी बारीक.

“मीसुद्धा गेलो होतो,” ते म्हणाले. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते. “माझंही पाकीट ट्रेमध्येच होतं. पण बाहेर येताना हातात घेऊन आलो, त्यामुळे मला वाटलं, तिथे काही झालं असणं शक्यच नाही. जे झालं ते केबिनमध्येच. आणि मग... वजन केल्याचं सांगायची लाज वाटली.”

“वजनाची लाज?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“शंभराच्या पुढे गेलंय, साहेब.”

अधिकाऱ्यांच्या कपाळाच्या आठ्या एकेक करून सैल झाल्या. तोंडाशी रुमाल धरून ते बराच वेळ खोकत राहिले. खोकणारा माणूस असा खांदे हलवत खोकत नाही, हे हसऱ्या साहेबांच्या लगेच लक्षात आलं, आणि मग त्यांनाही कालपासून आवरलेलं हसू आवरेना. ते टेबलाला धरून हसले.

पाकिटांची अदलाबदल झाली. सगळे तिजोरीपाशी गेले. मॅनेजर किल्ली काढायला लागले तशा बाई सवयीने भिंतीकडे वळल्या, आणि त्यांच्याबरोबर तपासणी अधिकारीही निमूटपणे वळले. कुलूप उघडलं. साहेब मोठ्याने खाकरले. मग खालचं कुलूप उघडलं, आणि ते दार एकदाचं करकरत बाजूला झालं. बाहेर गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

मॅनेजर पाहुणीकडे आले. “चुकलो मी. फार चुकलो. तुझ्या सर्टिफिकेटवर आजच सही करतो.”

“सर, आधी चहात साखर घाला,” पाहुणी म्हणाली. “तुमचा चेहरा बघवत नाहीये.”

अधिकारी जाण्यापूर्वी बाईंपाशी थांबले. “बाई, मला ठपका तर ठेवावाच लागेल. दोघांवर. तुमचा उद्याचा शेवटचा दिवस. गप्प बसला असतात तरी चाललं असतं.”

“नसतं चाललं,” बाई म्हणाल्या. “मेमो द्या. पण त्यात काय लिहायचं ते जरा माझ्याशी बोलून ठरवा.”

दुसऱ्या दिवशी निरोप समारंभ झाला. वरची बैठकीची खोली सजवली होती. पाहुणीने आईलाही बोलावलं होतं, कारण सर्दीची भानगड शेवटी सांगावीच लागली होती. मॅनेजर भाषणाला उभे राहिले. भाषण त्यांनी आठवडाभर आधीच तयार केलं होतं, आणि घोकंपट्टी ही अशी दगा देते.

“बाईंच्या एवढ्या प्रदीर्घ सेवेत त्यांच्या फायलीत एकही...” ते मध्येच अडकले. घाम पुसायला लागले.

“आहे की!” बाई खुर्चीवरून उठल्या. “एक मेमो आहे. कालचाच आहे, ताजा. वाचूनच दाखवते.”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. बाईंनी चष्मा लावला, पर्समधून कागद काढला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. किल्ली अंगावेगळी केल्याबद्दल ताकीद, वेळेवर खरं न सांगितल्याबद्दल ताकीद. एक अक्षर त्यांनी गाळलं नाही. शेवटाला आल्यावर त्या थांबल्या, गर्दीत पाहुणी कुठे आहे ते शोधलं, आणि सावकाश वाचलं:

“‘चौकशीअंती असे स्पष्ट झाले आहे, की शाखेत इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थिनीचा या प्रकाराशी कोणताही संबंध नाही. किंबहुना हा उलगडा तिनेच केला.’ हे शेवटचं मी घालायला लावलं. तोंडी सांगितलेलं लोक विसरतात. माझी फाइल मात्र बँक जन्मभर सांभाळून ठेवणार आहे, आणि त्यात हे राहणार आहे.”

त्यांनी कागदाची घडी घातली. “कोरी फाइल घेऊन मी काय केलं असतं गं? इकडे ये, फोटो काढायचाय.”

पाहुणी पुढे गेली ती हुंदके देतच. “रडू नकोस, फोटो बिघडेल,” बाई तिच्या पाठीवर थोपटत म्हणाल्या, आणि स्वतःच नाक ओढायला लागल्या. फोटोत दोघीही रडतानाच आल्या.